दाराबाहेरचे रसिक

(संगीत महोत्सवांचे आयोजक आणि कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



५ मे २०१९ हा रविवार होता. अमेरिकेतील बोस्टन शहरात, तेथील सुप्रसिद्ध सिम्फनी हॉलमध्ये, 'हँडेल अँड हायडन सोसायटी' या १८१५ साली स्थापन झालेल्या संस्थेचा वाद्यवृंद मोझार्टची एक शोकरचना सादर करीत होता. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या सभागृहातील शिस्त आपल्याला ठाऊक आहे. तेथे खोकलासुद्धा दोन रचनांच्या मध्ये उरकून घ्यावा लागतो. शेवटचा स्वर विरला. टाळ्या सुरू होण्यापूर्वीची ती भारलेली शांतता सभागृहात पसरली, आणि त्याच वेळी प्रेक्षागृहातून एका बालकाचा निर्भर उद्गार आला, 'वॉव!' श्रोते क्षणभर चकित झाले, मग हसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

संस्थेच्या अध्यक्षांनी तिकिटे घेतलेल्या श्रोत्यांना ई-पत्र पाठवून या बालकाचा शोध घेतला. रागावण्यासाठी नव्हे, त्याला भेटण्यासाठी! तेव्हा कळले की, आजोबांचे बोट धरून आलेला तो नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. तो सहसा बोलत नाही. आपल्या मनात काय चालले आहे, हे शब्दांत सांगणे त्याला फारसे जमत नाही. ते त्याला त्या दिवशी जमले. संस्थेने त्याला संगीत दिग्दर्शक हॅरी ख्रिस्तोफर्स यांच्या भेटीचे निमंत्रण दिले.

ही घटना जगभर गाजली, याचे आपल्याला मात्र थोडे नवल वाटायला हवे. समेवर येताच उत्स्फूर्तपणे उमटलेला 'वाह' हा आपल्या बैठकीत अपराध नाही. तो कलावंताचा हक्काचा मोबदला आहे. आणि गंमत अशी की, ज्या मोझार्टच्या रचनेपुढे बोस्टनचे श्रोते श्वास रोखून बसले होते, त्या मोझार्टला स्वतःला असे श्रोते अभिप्रेतच नव्हते. १७७८ साली पॅरिसमध्ये त्याची सिम्फनी वाजली, तेव्हा पहिल्या भागाच्या ऐन मध्यावर श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या, हे त्याने वडिलांना मोठ्या आनंदाने पत्राने कळविले होते. दगडी पुतळ्यासारखे बसून ऐकण्याची रीत ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील युरोपीय नागर वर्गाने घडविली. आपण ती नाट्यगृहांबरोबर उचलली आणि हळूहळू तीच रसिकतेची व्याख्या होऊन बसली.

या व्याख्येमुळे दाराबाहेर राहिलेल्या रसिकांविषयी आज बोलायचे आहे.

हे रसिक कोण? स्वमग्न मूल आणि त्याचे आईवडील. डाउन सिंड्रोम असलेली, गाणे लागले की टाळी धरणारी तरुण मुलगी. मेंदूच्या पक्षाघातामुळे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीमुळे, ज्याच्या हातापायांवर आणि उद्गारांवर ताबा राहत नाही असा मुलगा. एका जागी दहा मिनिटे बसणे ज्याला खरोखरच अशक्य आहे, असा अतिचंचल विद्यार्थी. चाकाच्या खुर्चीवरील निवृत्त शिक्षक, कानाला यंत्र लावणाऱ्या आजी, पांढरी काठी घेऊन एकटा येणारा श्रोता. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांग व्यक्ती नोंदविल्या. त्या वेळी स्वमग्नतेचा स्वतंत्र रकानाही नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले आणि त्यात स्वमग्नता आली. हे सारे आपल्याच आळीत राहतात. मैफलीत मात्र दिसत नाहीत.

ते का दिसत नाहीत, याचे उत्तर कुठल्याही शहरातील कुठल्याही नाट्यगृहात मिळेल. मुलगा मध्येच 'ऊं' असा आवाज काढतो, हात फडफडवतो. पुढच्या रांगेतून एक मान मागे वळते. मग दुसरी. कोणी 'श्शू' करतो. आई मुलाचा हात दाबून धरते. त्याने तो अधिकच बेचैन होतो. तिसऱ्या मिनिटाला ती उठते, गुडघ्यांना गुडघे घासत, क्षमा मागत रांगेतून बाहेर पडते. कोणी तिला 'जा' म्हटलेले नसते. पण ती पुन्हा येत नाही. वडील तिकिटे काढायचे थांबतात, थोरल्या बहिणीचे गाणे ऐकायला जाणे थांबते, आणि एक संपूर्ण कुटुंब समाजाच्या सांस्कृतिक जीवनातून गुपचूप वजा होते. या वजाबाकीची नोंद कुठल्याही आयोजकाच्या वहीत नसते, कारण रिकामी खुर्ची दुसऱ्याच कोणीतरी भरलेली असते.

आपली परंपरा याबाबतीत अनुदार होती, असे म्हणता येणार नाही. व्यासपीठावर तरी नव्हती. कर्नाटकातील गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. पंचाक्षरी गवई स्वतः दृष्टिहीन. त्यांनी अंध आणि निराधार मुलांना आश्रमात ठेवून गायन-वादन शिकविले. त्यांच्या शिष्यांमध्ये बसवराज राजगुरूंसारखे गायक झाले. त्यांच्यामागे आश्रमाची धुरा वाहणारे पुट्टराज गवई हेही दृष्टिहीनच होते, आणि २०१० साली त्यांना पद्मभूषणने गौरविण्यात आले. पंडित भीमसेन जोशी त्याच गदगच्या मातीतले. बंगालमध्ये मन्ना डे यांचे काका आणि गुरू कृष्णचंद्र डे, हिंदी चित्रपटात आणि 'रामायण' मालिकेत रवींद्र जैन. दृष्टी नसलेल्या कलावंतांना या देशाने डोक्यावर घेतले. पण व्यासपीठावरच्या दृष्टिहीन गायकाला हात देऊन नेणारे दहा कार्यकर्ते असतात आणि तिसऱ्या दारातून येणाऱ्या दृष्टिहीन श्रोत्याला कोणी नसतो. कलावंताला जागा मिळाली; श्रोत्याची जागा आपण गृहीतच धरली नाही. दिव्यांगाने ऐकायला येण्यासाठी त्याच्या अंगी काही अलौकिक गुण असावा लागत नाही, ही साधी गोष्ट आपल्या कौतुकप्रधान मनाला अवघड जाते. स्वमग्न मुलगा राग ओळखतो म्हटल्यावर त्याची मुलाखत छापून येते. जो ओळखत नाही, नुसता ऐकतो आणि डोलतो, त्याच्यासाठी दार उघडायचे की नाही?

श्रवणाची आपली मूळ रीत आठवून पाहावी. देवळाच्या सभामंडपात कीर्तन चालू असते. एखादे मूल खांबाभोवती फिरत असते, एखादे आईच्या मांडीवर झोपलेले असते. म्हातारे पाय पसरून भिंतीला टेकलेले असतात. मध्येच कोणी उठून प्रदक्षिणा घालून येतो. बुवा नामाचा गजर करायला सांगतात तेव्हा ज्याला जसे जमेल तसे तो म्हणतो. कोणाचा सूर लागला नाही म्हणून मान वळत नाही. वारकरी कीर्तनात तर टाळकरी उभेच असतात. सभामंडपात वावरण्याला मज्जाव नाही, आवाजाला मज्जाव नाही, आणि रसभंग झाला अशी तक्रारही नाही. इतिहासात या सभामंडपाचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. ते उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात उपोषण करावे लागले. पण आत आल्यानंतर ऐकण्याची जी मोकळीक होती, ती आजच्या वातानुकूलित नाट्यगृहात उरली नाही.

ज्या युरोपातून आपण ही शिस्त घेतली, तेथेच आता तिला मुरड घालणे सुरू झाले आहे. इंग्लंडमध्ये जेस थॉम नावाची कलावंत आहे. तिला टूरेट सिंड्रोम आहे. म्हणजे तिच्या इच्छेविना हातवारे आणि शब्द निघतात. 'बिस्किट' हा शब्द ती दिवसातून हजारो वेळा उच्चारते. २०११ साली एका कार्यक्रमाच्या मध्यंतरात इतर प्रेक्षकांच्या तक्रारींवरून तिला ध्वनियंत्रणेच्या बंद कक्षात बसविण्यात आले. तेथे ती रडली, आणि पुन्हा नाट्यगृहात पाऊल ठेवायचे नाही असे तिने ठरविले. मग तिच्या लक्षात आले की, नाट्यगृहात एक जागा अशी आहे जेथून तिला कोणी उठवू शकणार नाही, ती म्हणजे रंगमंच. २०१४ साली तिने 'बॅकस्टेज इन बिस्किट लँड' हा प्रयोग उभा केला. तिच्यासारख्या अनेकांच्या आग्रहातून तेथे 'रिलॅक्स्ड' प्रयोगांची प्रथा रुजली. आपण त्यांना 'मोकळी मैफल' म्हणू. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ऑक्टोबर २०११ मध्ये 'द लायन किंग' या संगीतिकेचा स्वमग्न प्रेक्षकांसाठी खास प्रयोग झाला. बीबीसीच्या 'प्रॉम्स' या शतकाहून जुन्या संगीत महोत्सवात २०१७ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिली मोकळी मैफल झाली. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, तेथे दिव्यांग वादकांचा 'बीएसओ रिझाउंड' हा वृंद आला. त्याचे संचालक जेम्स रोझ यांना सेरेब्रल पाल्सी आहे. संचालकाची छडी ते डोक्याला बांधतात आणि मानेच्या हालचालीने वृंद चालवितात.

मोकळ्या मैफलीत नेमके काय वेगळे असते? संगीत तेच असते. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवीत नाहीत, मंद ठेवतात. दार बंद करून घेत नाहीत. उठावे, फिरावे, परत यावे. आवाज काढणाऱ्याकडे कोणी वळून पाहू नये, हे सुरुवातीलाच सर्वांना सांगितलेले असते. जवळच एक शांत खोली असते. तेथे कोलाहलाने घाबरलेले मूल दहा मिनिटे बसून सावरते. आणि सर्वांत मोलाची, जवळजवळ फुकट असलेली गोष्ट म्हणजे आगाऊ माहिती. फाटक कसे दिसते, चपला कोठे काढायच्या, कोण हसून तिकीट तपासेल, गायक कोण, साथीला कोणकोण, मध्यंतर केव्हा, प्रसाधनगृह कोणत्या बाजूला, टाळ्या जोरात वाजतील त्या केव्हा, याची छायाचित्रांसह दोन-तीन पानांची चित्रकथा आठ दिवस आधी कुटुंबाला पाठवितात. स्वमग्न मुलाला संगीताची भीती नसते, अनपेक्षिताची असते. आई त्याला ती चित्रकथा रोज रात्री दाखविते आणि कार्यक्रमाच्या दिवशी तो अनोळखी जागी जात नाही, ओळखीच्या जागी जातो. एका कार्यकर्त्याला एक दुपार आणि एक मोबाइलचा कॅमेरा, एवढाच याचा खर्च.

ख्याल तर या श्रोत्याला अनुकूल असा गानप्रकार आहे. तानपुऱ्याचा अखंड सूर, विलंबितातून मध्य आणि द्रुत लयीकडे होणारी सावकाश वाढ, दर आवर्तनाला परत येणारी सम. त्यात दचकविणारे फार थोडे असते. दचकवितो तो आपला ध्वनिक्षेपक. दोन गायनांच्या मध्ये प्रायोजकाची जाहिरात संगीतापेक्षा दुप्पट आवाजात का लागावी, हे कोडे कुठल्याही महोत्सवाने अद्याप उलगडलेले नाही. अचानक उठणारी माइकची शीळ, निवेदकाचा टिपेचा स्वर, सवाल-जवाबातला तबल्याचा भडिमार ज्याच्या संवेदना तीव्र आहेत त्याच्या कानांत सुईसारखा घुसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली करमणुकीच्या ठिकाणांसाठी सुरक्षित श्रवणाचे निकष जाहीर केले. त्यांत सरासरी पातळी १०० डेसिबलच्या पुढे जाऊ नये आणि श्रोत्यांना विसाव्यासाठी शांत जागा असावी, असे म्हटले आहे. १०० ही कमाल मर्यादा आहे, आदर्श नव्हे. डेसिबलच्या मोजपट्टीवर दहाची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट, हे ध्वनियंत्रणेवर बसणाऱ्याला सांगितलेले बरे. नव्वद टक्के श्रोतेही त्याचे आभारच मानतील.

आता पायऱ्यांविषयी. 'दिव्यांग' हा सन्मानाचा शब्द आपण गेल्या दशकात स्वीकारला, चांगले झाले; पायऱ्या मात्र होत्या तितक्याच राहिल्या. उताराचे प्रमाण किमान एकास बारा हवे. म्हणजे दोन फूट चढण्यासाठी चोवीस फूट लांबीचा उतार. दोन फळ्या तिरक्या टाकून केलेला उतार ही घसरगुंडी असते. मांडवात फिरती प्रसाधनगृहे आणतात, ती तीन पायऱ्यांवर आणि दार दीड-दोन फुटांचे. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस पाच तासांच्या कार्यक्रमाला येण्याआधी दुपारपासून पाणी पीत नाही. हे वाक्य ऐकायला जड वाटेल, पण असे श्रोते आहेत. भारतीय बैठकीच्या मागे चाकाच्या खुर्च्यांची रांग लावली तर पुढे उभ्या राहणाऱ्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. आणि तेथेही पतीला खुर्चीच्या रांगेत आणि पत्नीला बैठकीत बसविण्याचा अजब न्याय आढळतो. सोबत्याला त्याच्याशेजारी जागा आणि शक्य तर विनामूल्य प्रवेश द्यावा. रेल्वेसुद्धा अनेक प्रवर्गांत दिव्यांगाच्या सोबत्याला सवलत देते. सांस्कृतिक संस्थांनी त्याहून हात आखडता घेऊ नये.

कर्णबधिरांना संगीताचे काय, असे कोणी विचारेल. स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी बालपणीच बधिर झाल्या. त्या अनवाणी उभ्या राहून लाकडी मंचातून कंप टिपतात आणि २०१५ साली त्यांना संगीतातील प्रतिष्ठेचा पोलर पुरस्कार मिळाला. डग्ग्याची घुमक फळ्यांच्या मंचाजवळ बसलेल्याच्या तळव्यांपर्यंत पोहोचते. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी सभागृहात तारेचे वेटोळे बसवून ध्वनी थेट श्रवणयंत्रात पोहोचविण्याची सोय असते. नवे नाट्यगृह बांधताना ती आराखड्यातच मागावी. अभंगाचा अर्थ सांकेतिक भाषेत उलगडणारा दुभाषी मंचाच्या कडेला उभा करता येतो.

एक आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्याला मनापासूनच उत्तर दिले पाहिजे. ज्याने वर्षभर वाट पाहून तिकीट काढले, त्या श्रोत्याला बुजुर्ग गायकाच्या आलापात विक्षेप नको असतो. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण हाच श्रोता शेजाऱ्याच्या मोबाइलची घंटा, मागच्या रांगेतील भूखंडाची चर्चा आणि बटाटेवड्याच्या ओढीने ऐन बढतीत उठणारी मंडळी यांना निभावून नेतो. विक्षेप सोसण्याची शक्ती त्याच्यात आहे. ती कोणासाठी वापरायची, एवढाच प्रश्न उरतो. तरीही प्रत्येक मैफल मोकळी असावी, असा हट्ट नको. महोत्सवातील एक सकाळचे सत्र मोकळे जाहीर करावे आणि उरलेल्या सत्रांत दाराजवळच्या, सहज उठता येईल अशा कडेच्या काही जागा या कुटुंबांसाठी राखाव्यात. शांत खोलीत लहान ध्वनिक्षेपक लावला तर बाहेर गेलेल्याचे गाणे तुटत नाही. दोन दिव्यांग श्रोत्यांच्या गरजाही एकमेकांविरुद्ध जातात. एकाला आवाज काढल्यावाचून राहवत नाही, दुसऱ्याला आवाज सोसत नाही. म्हणून मोकळ्या मैफलीतही एक बाजू शांत ठेवावी लागते. कलावंतालाही आधी विश्वासात घ्यावे. एखाद्याने नकार दिला तर तो त्याचा अधिकार. पण विचारल्याशिवायच 'त्यांना चालणार नाही' असे ठरवून टाकण्याची सवय आपण सोडावी.

परंपरेला धक्का लागेल, ही भीतीही बोलून दाखविली जाते. १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव कैक वर्षे रात्र-रात्र रंगत असे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावर बंधने आली, पुढे वेळा बदलल्या. हळहळ पुष्कळ झाली, आजही होते. परंतु महोत्सव उभा राहिला. कायद्यासाठी वेळापत्रक बदलता येते, तर शेजारच्या घरातील मुलासाठी एक सत्र बदलता येईल. आणि कायदाही याच बाजूला आहे. २०१६ च्या कायद्याचे एकोणतिसावे कलम कला दिव्यांगांना सुगम्य करण्याचे बंधन शासनावर घालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम रद्दबातल ठरविला आणि बंधनकारक निकष करण्यास सांगितले. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीला दिव्यांगांचा 'पर्पल फेस्ट' भरला, आणि त्याला आंतरराष्ट्रीय रूप आले. स्वतंत्र उत्सव हवेतच. मात्र वर्षातून एकदा दिव्यांगांसाठी कार्यक्रम, शाल, श्रीफळ, छायाचित्र आणि उरलेले ३६४ दिवस दार पूर्ववत, ही पळवाट होऊ नये. या मुलांना आपल्या भावंडांबरोबर, त्याच दिवाळी पहाटेला, त्याच गणेशोत्सवातील गाण्याला यायचे असते.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक छोटा विषय घ्यावा. निमंत्रणपत्रिकेवर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष अशी नावे छापून झाल्यावर जी जागा उरते, तेथे दोन ओळी टाकाव्यात: चाकाच्या खुर्चीची सोय आहे की नाही, शांत खोली कोठे आहे आणि विचारपूस करायची असल्यास कोणाला दूरध्वनी करावा. सोय नसेल तर 'नाही' असे स्पष्ट छापावे. फसगतीपेक्षा ते कितीतरी बरे. आणि तो दूरध्वनी अशा कार्यकर्त्याकडे द्यावा, ज्याने आदल्या दिवशी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून फाटकापासून प्रसाधनगृहापर्यंत जाऊन पाहिले आहे.